काट्याखालचा खेळ

माझ्या खेळाबद्दल ज्यानं ज्यानं तोंड उघडलं, त्यानं एकच खोट काढली. म्हणे, हिला फूल उंच मारता येत नाही. आता सगळे शटल म्हणतात, आम्ही त्याला फूलच म्हणायचो. आणि आमच्या जोडीचं फूल जाळीवरून सरळ, सपाट जायचं, समोरच्या बाईच्या पोटावर नाहीतर बगलेत. हा खेळातला दोष आहे असं बेळगावच्या कॅम्पातल्या मडमांनी सांगितलं, पुण्याच्या पंचांनी सांगितलं, मुंबईच्या निवड कमिटीतल्या एका सद्‌गृहस्थांनी तर कागदावर लिहून कळवलं. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि एकाचंही मनावर घेतलं नाही. आता गुडघे गेलेत, दातही फारसे उरलेले नाहीत, पण जीभ शाबूत आहे. म्हणून काय होतं ते एकदाचं सांगून टाकते.

लग्न होऊन मी बेळगावहून निपाणीला आले तेव्हा सोळा वर्षांची होते. माहेर शाळामास्तराचं, सासर तंबाखूच्या व्यापाऱ्याचं. पुढं घर, मागं अंगण आणि अंगणापलीकडं तंबाखूची वखार. फाल्गुनात नवा माल येऊ लागला की वखारीत पाय ठेवायला जागा नसे. पावसाळा सरता सरता ती रिकामी होई, आणि पुढचे चार-पाच महिने तिथं चिमण्यांशिवाय कोणी फिरकत नसे. मधोमध तुळईला माल तोलायचा मोठा काटा टांगलेला होता. सागवानी दांडी, जाड साखळ्या आणि दोन्हीकडं एवढाली पारडी, की एकेकात मी मांडी घालून बसले असते. काम नसलं की पारडी वर ओढून बांधायचे, पण काटा कधी उतरवत नसत. दिवाळीला त्याला हळदकुंकू, झेंडूची माळ आणि घरातला पहिला नैवेद्य. सासरे, म्हणजे आमचे मामंजी, त्याच्याखालून जाताना चपला काढून हातात घ्यायचे.

माझे यजमान बेळगावला शिकायला होते तेव्हा कॅम्पातल्या एका गोऱ्या सार्जंटाशी त्यांचं सूत जमलं होतं. त्याच्याकडून ते बॅडमिंटन शिकले, आणि तो विलायतेला परत गेला तेव्हा चार जुन्या रॅकेटी आणि एक जाळी यांच्या पदरात टाकून गेला. निपाणीत त्यांच्याशी खेळणार कोण? पेठेतल्या व्यापाऱ्यांनी रॅकेट हातात घेऊन उलटीसुलटी बघितली आणि परत केली. थोरले भावजी पाठदुखीचं निमित्त सांगून पोत्यावर बसून राहिले. उरलो आम्ही दोघी जावा. ते एकटे एका बाजूला, आम्ही दोघी दुसऱ्या बाजूला, असा तो खेळ सुरू झाला. मी जन्मात एकेरी खेळले नाही, त्याचं मूळ हे.

मामंजींनी परवानगी दिली, पण अट घातली. जाळी काट्याच्या बरोबर खाली बांधली होती, कारण वखारीत तेवढीच मोकळी फरशी होती. बांधून ठेवलेली पारडी जाळीच्या वर जेमतेम तीन हात. मामंजी म्हणाले, “खेळा की. माझी ना न्हाय. पन फूल काट्याला लागलं, की त्या दिवसाचा खेळ बंद. कुनी मारलं, कसं मारलं, मला सांगायचं न्हाय. रॅकेटी खाली ठेवायच्या, नमस्कार करायचा आनि घरात यायचं.”

पहिल्या महिन्यात आमचा खेळ पाच-पाच मिनिटांत आटपायचा. फूल वर गेलं, साखळी वाजली, की रॅकेटी खाली, फरशीला हात, हात डोळ्यांना, आणि चला भाकऱ्या थापायला. दिवसभराच्या कामातून चोरलेला तो एक तास असा वाया गेला की मला रडू कोसळायचं. कुणी शिकवलं नाही, पण हाताला आपोआप कळत गेलं. जाळीवरून चार बोटं, त्याच्या वर नाही. दोन वर्षांनी असं झालं की दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत साखळी एकदाही वाजली नाही.

आता माझ्या जावेविषयी. तिला सगळे आक्का म्हणायचे. उचगावच्या शेतकरी घरातली, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, तीन लेकरांची आई. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. मनगट असं की पाण्यानं भरलेली घागर एका हातानं कमरेवर घ्यायची. स्वयंपाकघरात आमचं एक दिवस पटलं नाही. मी आमटीत गुळाचा खडा टाकला की ती पळी नाकाशी नेऊन विचारायची, “ही आमटी हाय का पायस?” तिनं चटणी टाकली की माझ्या डोळ्यांतून पाणी. भांडी आपटणं, धुसफूस, दोन-दोन दिवस अबोला, सगळं यथासांग. पण संध्याकाळी कासोटा घट्ट करून वखारीत गेलो की अबोला चालायचाच नाही. दुहेरीत बोलावं लागतं. फूल मधून आलं की “माझं!” नाहीतर “सोड!” असं ओरडावंच लागतं, नाहीतर दोघी धडकायच्या किंवा दोघी बघत राहायच्या.

यातही एक पंचाईत होती. थोरल्या जावेला मी घरात ‘अहो आक्का’ म्हणायची, आणि फूल आलं की तेवढा वेळ नसायचा. एकदा मी “आक्का, सोड गं!” असं किंचाळले ते दारात उभ्या असलेल्या सासूबाईंनी ऐकलं. त्या तोंडाला पदर लावून आत गेल्या आणि जेवताना मला घास गिळू दिला नाही. शेवटी आक्काच सासूबाईंना वखारीत घेऊन गेली आणि तिनं निकाल लावला. फरशीवर चुन्याचे पट्टे ओढलेले होते, त्यांच्याकडं बोट करून म्हणाली, “आत्याबाई, पट्ट्याच्या आत अगं, पट्ट्याच्या भाईर अहो. मी सांगतो तसं चालू द्या.” चाललं.

गुण ती कानडीत मोजायची, कारण वखारीत तंबाखूच्या बोदांची, म्हणजे बांधलेल्या गठ्ठ्यांची, मोजणी कानडीत चाले आणि तिचे सगळे आकडे तिथलेच. ओंदु, एरडु, मूरु. पंधरापर्यंत आलं की “हदिनैदु!” अशी आरोळी ठोकायची, आणि बाहेरच्या कुत्र्याला वाटायचं माल आला.

कॅम्पात आम्ही पहिल्यांदा खेळलो ते यजमानांच्या हट्टापायी. चर्चजवळच्या हॉलमध्ये लष्करी अधिकाऱ्यांच्या बायका खेळायच्या आणि वर्षातून एकदा शहरातल्या बायकांना पाहुण्या म्हणून बोलवायच्या. चहा, बिस्किटं, आणि मग पाहुण्यांनी हसत हसत हरायचं, असा एकूण बेत. आम्हाला तो बेत कुणी नीट समजावून सांगितला नव्हता. नऊवारी लुगडी आणि अनवाणी पाय बघून त्या तोंड फिरवून हसल्या. हसू द्या म्हटलं. त्यांचं फूल वर जायचं, सावकाश तरंगत यायचं, आणि तेवढ्यात एकमेकींशी दोन वाक्यं बोलून व्हायची. आमचं फूल त्यांना बोलू देईना. पहिल्या डावात त्यांना चार गुण, दुसऱ्यात दोन. आक्का मोठ्यानं मोजत होती, त्याचा त्यांना जास्त त्रास झाला असावा.

खेळ संपल्यावर तिथला सेक्रेटरी म्हणाला, “हे बॅडमिंटन नव्हे. हे झोडपणं झालं.”

मी शाळेत शिकलेल्या तुटक्या इंग्रजीत त्याला म्हटलं की मग तुमच्या बायकांना झोडपणं शिकवा. घरी येताना सर्व्हिस मोटारीत यजमानांनी अख्खा रस्ता तोंडावर रुमाल धरला होता. निपाणीच्या उतारावर गाडी लागली तेव्हा खो खो हसत सुटले.

नंतरच्या काही वर्षांचं फार लांबण लावत नाही. कोल्हापूर, सांगली, पुणे, मुंबई. जिथं तिथं आम्ही दोघी जायचो, बरोबर यजमान, दशम्यांची शिदोरी आणि रॅकेटी. हरलो कमी, जिंकलो जास्त. पुण्याच्या दोन नावाजलेल्या बायका आमचा खेळ समजून घ्यायला मुद्दाम निपाणीला आल्या आणि वखारीत पाय टाकल्याबरोबर शिंकायला लागल्या. तंबाखूची भुकटी भिंतीत, फरशीत, तुळईत मुरलेली. आमच्या नाकांना तिचं काही वाटेनासं झालं होतं. त्या बिचाऱ्या दोन दिवस राहिल्या, शिंकल्या आणि परत गेल्या. आक्का त्यांना वाटेला लावून आली आणि म्हणाली, “खेळायला आलत्या का काटा सर्दीनं पाडायला आलत्या?”

मग मुंबईच्या निवड कमिटीकडून ते पत्र आलं. दुसरं महायुद्ध अजून सुरू व्हायचं होतं. सिलोनमध्ये, कोलंबोला, हिंदुस्थानातल्या बायकांचा संघ जायचा होता, आणि दुहेरीसाठी माझं नाव घेतलं होतं. फक्त माझं. इंग्रजीत टाइप केलेलं पत्र होतं, मी ते तीनदा वाचलं. जोडीदारीण म्हणून मुंबईच्या कॉलेजात शिकलेली एक खेळाडू देण्यात येईल. आपल्या सध्याच्या जोडीदारणीचं वय, शिक्षण आणि अपुरा खेळ, विशेषतः उंच फटक्याचा अभाव, पाहता त्यांना परदेशी नेणं उचित ठरणार नाही. आपण मात्र तरुण आहात, उंच फटका शिकू शकाल.

खोटं कशाला सांगू? दोन दिवस मला एकटीला जायचं होतं. मुंबईला स्टेशनातून हॉलात आणि हॉलातून स्टेशनात एवढंच झालं होतं, समुद्र मी पाहिला नव्हता. आगबोट पाहिली नव्हती. यजमानांनी सांगितलं, “तू ठरव, मी घरात बघतो.” मी ते पत्र जोंधळ्याच्या कणगीमागं ठेवलं आणि दोन दिवस आक्काच्या नजरेला नजर दिली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवायला वाढलं. आक्कानं पानाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“तूप किती वाढलंस?”

“नेहमीसारखंच की.”

“न्हाय. लई वाढलंस. काय चोरलंस गं माझं?”

मी रडले. पत्र काढून आणलं, वाचून दाखवलं, मराठी करून सांगितलं. वय, शिक्षण, अपुरा खेळ. एक शब्द गाळला नाही. ती जेवत राहिली. हात धुऊन आली आणि म्हणाली, “जा की मग. मला काय करायचंय सिलोनात? इथं लेकरं हायत, म्हशी हायत.” आणि म्हशीला पाणी दाखवायला निघून गेली. त्या संध्याकाळी ती वखारीत आली नाही. मी एकटी चुन्याच्या पट्ट्यांत उभी राहिले. तिच्या जागेकडं बघितलं आणि मला जो राग आला, तो ते पत्र टाइप करून पाठवणाऱ्या गृहस्थांचा तर आलाच, पण दोन दिवस कणगीमागं लपलेल्या माझा स्वतःचा जास्त आला. मी तिथूनच घरात गेले आणि उत्तर लिहिलं.

मी लिहिलं: दुहेरी म्हणजे दोन माणसं. तुम्हाला एक हवं असेल तर एकेरीवालीला बोलवा. आमच्या खेळात काही अपुरं आहे असं वाटत असेल तर तुमच्या मर्जीच्या कुठल्याही दोघी आमच्यासमोर उभ्या करा. आम्ही एकही फूल उंच मारणार नाही. हरलो तर माझंही नाव काढून टाका. पत्र पेटीत टाकल्यावर आक्काला सांगितलं. ती म्हणाली, “येडी हायस.” पण दुसऱ्या दिवशी कासोटा घालून माझ्याआधी वखारीत हजर होती.

कमिटीतल्या कुणाला तरी गंमत वाटली असावी. पुण्याच्या एका जिमखान्याच्या हॉलमध्ये सामना ठरला. समोरच्या दोघींत एक तीच होती, जी मला जोडीदारीण म्हणून द्यायची ठरली होती. उंच, शांत, पांढऱ्या स्कर्टातली. निवडणारे गृहस्थ वही घेऊन पहिल्या रांगेत बसले. पहिला डाव आम्ही घेतला, दुसरा त्यांनी. तिसऱ्यात आम्ही अकरा, त्या नऊ. आता चारच गुण हवे होते आणि सर्व्हिस आमची होती.

त्या उंच बाईनं फूल वर उचललं. हॉलच्या छपरातून विजेचा दिवा लोखंडी नळीला टांगून सोडला होता. फूल त्याच्या टोपीला लागलं. टण्ण.

आक्कानं रॅकेट खाली ठेवली. मीही ठेवली. दोघी एकदम वाकलो, फरशीला हात लावला, हात डोळ्यांना लावले, आणि पट्ट्याबाहेर चालू लागलो. मी बाकापाशी पोहोचून पाण्याचा तांब्या तोंडाला लावला तेव्हा मला हॉलमधली शांतता ऐकू आली. मग हशा. पंच विचारत होते, “बाई, तुम्ही माघार घेतली का?”

माझे कान तापले. “अहो आक्का, चला आत! ही आपली वखार नव्हे!”

“साखळी वाजली न्हवं? आजचा खेळ बंद.”

“साखळी नव्हे ती. काटा नव्हे, दिवा आहे.”

“दिवा?” ती माझ्याकडं बघतच राहिली. “दिवा काय काट्यापरीस कमी हाय व्हय? रोज सांजच्याला हात कुणाला जोडतीस?”

पंचांनी बजावलं की ताबडतोब आत या, नाहीतर सामना समोरच्यांना देतो. पहिल्या रांगेतल्या गृहस्थांनी वही मिटली. ते वही मिटणं मला दिसलं. एवढा आटापिटा केला, आणि आता विजेच्या दिव्याला नमस्कार केला म्हणून आक्काची जागा जाणार! मी तिच्या हाताला धरून ओढलं. ती हलली नाही. मामंजींना शब्द दिलेला होता, आणि तिचा शब्द जागा बदलली म्हणून बदलणारा नव्हता. उलट ती माझा हात सोडवून थेट पंचांच्या उंच खुर्चीपाशी गेली.

“फूल कुनी मारलं?”

“त्यांनी,” पंच म्हणाले.

“मग खेळ त्यांचा बंद. आमचा कशापायी?”

हॉल पुन्हा हसला, पण आता आमच्या बाजूनं हसला असं मला वाटलं. पंच गडबडले. म्हणाले, कुणाचाच खेळ बंद नाही, या हॉलचा नियम असा की हा गुण मोजायचा नाही, तेवढाच पुन्हा खेळायचा. आक्कानं विचार केला. “तेवढाच एक? बरं. आनि दिव्याचं काय?”

नियमांच्या पुस्तकात दिव्याचं काही नव्हतं. तेव्हा ती पांढऱ्या स्कर्टातली बाई जाळीपाशी आली, तिनं रॅकेट काखेत धरली, दिव्याकडं बघून दोन्ही हात जोडले आणि म्हणाली, “चुकलं माझं.” हसली नाही. थट्टाही नव्हती. त्या बाईविषयी मी नंतर आयुष्यभर कुणाकडून वावगा शब्द ऐकून घेतला नाही.

“बघा, हिला कळतंय,” आक्का म्हणाली आणि आत येऊन उभी राहिली. पुढचे चारही गुण तिनं घेतले. मी नुसती उभी होते म्हटलं तरी चालेल. “हदिनैदु!” ही आरोळी पुण्यात त्यापूर्वी कुठल्या हॉलनं ऐकली नसेल.

दोघींना न्यायचं ठरलं. गृहस्थांनी हे असं सांगितलं की जणू आमच्यावर उपकार करताहेत, आणि वर पुन्हा जोडलं की कोलंबोला पोचेपर्यंत उंच फटका शिकून घ्या, तिथल्या बायका तुम्हाला पुढं खेचतील आणि मागं पाडतील. धनुष्कोडीहून आगबोटीत बसलो तेव्हा ते आकृत्या काढलेला कागद घेऊन आले. आक्का कठड्याला धरून ओकत होती. मान वर करून म्हणाली, “काय म्हंतोय ह्यो?”

“फूल वर मार म्हणतात.”

“मग मार की. ह्याच्या टाळक्यात.”

आम्ही शिकलो नाही.

कोलंबोचा हॉल मी कधी विसरणार नाही. आमच्या वखारीसारख्या तीन वखारी एकावर एक ठेवाव्यात एवढं उंच छप्पर, आणि खाली काही टांगलेलं नाही. वर बघितलं की मला उघडं पडल्यासारखं वाटायचं. तिथल्या दोघी फार चांगल्या खेळायच्या. गृहस्थ म्हणाले होते तसंच त्यांनी केलं. आम्हाला पुढं खेचलं, मागं पाडलं. तरी आमचं सपाट फूल त्यांना झेपेना. एक डाव त्यांचा, एक आमचा. तिसऱ्यात आम्ही चौदा, त्या बारा. सर्व्हिस माझी.

फूल दहा-बारा वेळा इकडून तिकडं गेलं. आक्काला कमिटीनं सक्तीनं कॅनव्हासचे बूट घालायला लावले होते, आणि तिच्या पायांना बुटांची सवय नव्हती. कोपऱ्यातल्या फुलासाठी ती धावली, पोचली, मारलं, आणि बूट घसरून सपशेल आडवी पडली. तिचं ते फूल समोरच्यांनी माझ्याकडं टोलवलं. सगळा डावा अर्धा भाग उघडा, आणि आक्का फरशीवर. मी नेहमीसारखं सपाट मारलं असतं तर ते डोळ्याचं पातं लवायच्या आत परत आलं असतं, आणि तिच्या अंगावरून गेलं असतं. मला हे कळत होतं. हात मात्र सपाटच उठला होता.

“वर मार गं!” आक्का खालून ओरडली.

मी मारलं. इतक्या वर्षांत न मारलेली सगळी फुलं त्या एका फुलात मारली. मनगट उलटं वळलं, खांदा कळवळला, आणि ते वर गेलं, आणखी वर गेलं, हॉलमधल्या सगळ्या माना त्याच्याबरोबर वर गेल्या. मी वर बघत नव्हते. मी आक्काकडं बघत होते. ती एका हातावर उठली, गुडघा घेतला, लुगड्याचा काठ आवरला, एक बूट पायातून भिरकावला आणि उभी राहिली. फूल खाली यायला लागलं तेव्हा ती आपल्या जागेवर होती. समोरच्या बाईला वाटलं ही अजून डळमळते आहे, म्हणून तिनं सगळा जोर लावून फूल आक्काच्याच अंगावर हाणलं. आक्कानं नुसती रॅकेट धरली. जाळीवरून चार बोटं, सपाट, सरळ त्या बाईच्या पोटावर.

“हदिनैदु,” आक्का म्हणाली. ओरडली नाही. दम उरला नव्हता.

गृहस्थ धावत आले. चेहरा फुललेला. “पाहिलंत? येतं की तुम्हाला! मी म्हणत नव्हतो?”

मी म्हटलं, “ते तुम्ही सांगितलं म्हणून मारलं नाही. ती पडली होती म्हणून मारलं.” त्यांना फरक कळला नाही. ते आनंदात होते आणि त्यांच्याकडं दुसरा बेत तयार होता. तिथल्या मोठ्या लोकांच्या मनोरंजनासाठी लगेच आणखी एक खेळ व्हायचा होता, जोड्या बदलून. मी तिथल्या एकीबरोबर, आक्का राखीव म्हणून बाकावर. दहा मिनिटांत सुरू करू म्हणाले.

आक्का पट्ट्याबाहेर बसून घोटा चोळत होती. मी तिला बेत सांगितला. तिनं तो ऐकला की नाही कोण जाणे. तिच्या डोक्यात वेगळंच होतं.

“मी उठत हुतो, मला दिसलंच न्हाय. किती वर गेलतं गं?”

“लई वर गेलतं.” मी तिची भाषा बोलत होते ते मला नंतर कळलं. “अगं, छपरापर्यंत.” पट्ट्याबाहेर मी तिला अगं म्हटलं होतं. तिनं हटकलं नाही.

“आपल्या काट्याला लागलं असतं?”

“काटा घेऊन वर गेलं असतं.”

तिनं मान वर करून त्या रिकाम्या छपराकडं बघितलं. मग तिनं रॅकेट फरशीवर ठेवली, वाकून हात लावला, हात डोळ्यांना लावले आणि त्या गृहस्थांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “मग आजचा खेळ बंद.”

ते माझ्याकडं बघत होते, मी काय करते म्हणून. मी माझी रॅकेट तिच्या रॅकेटीशेजारी ठेवली आणि नमस्कार केला.